मॅडम, तुमचं लायसन्स?

स्कूटी चालवायला लायसन्स लागतं. वडापावची गाडी लावायलाही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. पण परक्या मुलीच्या डोळ्याच्या कडेला काजळाची पेन्सिल टेकवायला? एका पहाटे एका मावशींनी मला हा प्रश्न विचारला आणि माझी बोलतीच बंद झाली!

पहाटेचे साडेचार. नाताळनंतरचा शनिवार. वसईत या दिवसांत लग्नांचा नुसता पाऊस असतो. आगमनकाळ संपलेला, परदेशातले नातेवाईक सुट्टीवर आलेले, चर्चच्या तारखा सहा-सहा महिने आधी बुक झालेल्या. एव्हरशाइनमधून रिक्षा पकडून, पूल ओलांडून मी भुईगावच्या एका घरी पोहोचले तेव्हा अंगणातल्या मांडवात बँडवाल्यांची पोरं खुर्च्यांवर झोपली होती. आत मात्र सगळे लाइट्स ऑन, चहाची किटली फिरतेय, आणि नवरीबाई केसांना क्लिपा लावून माझी वाट बघतायत.

सोमवार ते शुक्रवार मी अंधेरीला एका विमा कंपनीच्या बॅक ऑफिसात बसते. दिवसभर लोकांची कागदपत्रं तपासायची. पॅन कार्ड आहे का, पत्त्याचा पुरावा आहे का, सही जुळते का. आणि शनिवार-रविवार? ब्रशेस, पॅलेट, स्पंज आणि सेटिंग स्प्रे! सात वर्षं झाली हा डबल रोल चालू आहे. ट्रेनमधल्या निम्म्या ग्रुपचे साखरपुडे माझ्या हातून पार पडलेत म्हणा ना.

तर त्या दिवशी मी टेबलावर सामान मांडत होते. नवरीच्या मावशी, कॅलिफोर्नियाहून आलेल्या, चष्मा नाकावर घेऊन सगळं न्याहाळत होत्या. मग अगदी सहज म्हणाल्या,

“अगं, तुझं लायसन्स कुठाय?”

मला वाटलं, स्कूटीचं विचारतायत. म्हटलं, “मावशी, मी रिक्षाने आले.”

“ते नाही गं. मेकअपचं! आमच्याकडे पार्लरमध्ये प्रत्येकीचं लायसन्स समोर लावलेलं असतं. मी आधी ते बघते, मग खुर्चीत बसते.”

घरातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. दिवसभर दुसऱ्यांचे कागद तपासणारी मी, आणि माझ्याकडे दाखवायला काय? एका महिन्याच्या कोर्सचं सोनेरी काठाचं सर्टिफिकेट. तेही घरी, कपाटात, साड्यांच्या खाली.

“मावशी, आपल्याकडे तसं काही नसतं,” मी पुटपुटले.

“नसतं?” मावशी म्हणाल्या. त्यापुढे काही बोलल्या नाहीत. पण तो एक शब्द माझ्या कानात चर्चच्या घंटेसारखा वाजत राहिला.

शोधा म्हणजे सापडेल?

त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला ठेवून हाच उद्योग केला. आणि निकाल सांगते. मावशींना दिलेलं उत्तर बरोबर होतं. आपल्याकडे मेकअप आर्टिस्ट म्हणून काम करायला सरकारी परवाना लागत नाही. परीक्षा नाही, तासांची अट नाही, नोंदणीचा क्रमांक नाही. आज सकाळी तुम्ही ठरवलंत की आपण ब्रायडल मेकअप आर्टिस्ट, तर दुपारपर्यंत व्हिजिटिंग कार्ड छापून तुम्ही आर्टिस्ट!

मग पार्लरवाल्या भिंतीवर लावतात ते कागद कसले? ते धंद्याचे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांना जुन्या पद्धतीच्या नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना देण्याची मुभा दिली. छोट्या उद्योगांसाठी 2020 पासून ‘उद्यम’ नोंदणी आली. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली तर जीएसटी. हे सगळे कागद सांगतात की इथे एक धंदा चालतो. त्या धंद्यातल्या बाईला ब्रश धुता येतो का, हे त्यातला एकही कागद सांगत नाही.

शिकण्याची सोय नाही असंही नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. सौंदर्यक्षेत्रासाठी कौशल्य परिषद आहे, तिच्या परीक्षा आहेत. स्वित्झर्लंडमधल्या ‘सिडेस्को’ या 1946 पासूनच्या संस्थेचं सर्टिफिकेट घेणाऱ्या मुलीही आपल्याकडे आहेत. पण हे सगळं ऐच्छिक. केलंत तर उत्तम, नाही केलंत तरी कुणी विचारायला येत नाही.

आणि आता यातली गंमत बघा. लिपस्टिक लावणाऱ्याला परवाना लागत नाही, पण लिपस्टिक बनवणाऱ्याला लागतो! 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम या बाबतीत कडक आहेत. भारतात बनलेल्या डबीवर साधारणपणे उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाच्या परवान्याचा क्रमांक आणि वापरण्याची शेवटची तारीख हवी. बाहेरून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. शिसं किंवा आर्सेनिक असलेले रंग घालायला बंदी, पाऱ्यालाही मनाई. म्हणजे डबीची कुंडली तुम्हाला वाचता येते. डबी हातात घेणारीची नाही.

एक कार्ड होतं...

पण थांबा. या धंद्यात परवाना कधीच नव्हता असं नाही. सिनेमाच्या जगात एक होता. सरकारी नाही, युनियनचा. आणि त्याची गोष्ट ऐकलीत तर परवाना या शब्दाकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

ही गोष्ट मला सगळ्यात आधी कळली ती आमच्या बिल्डिंगमध्ये. वरच्या मजल्यावरच्या काकू आयुष्यभर हिंदी सिनेमांत हेअरड्रेसर होत्या. पहाटेची लोकल, मांडीवर गंगावनांची पेटी, गोरेगाव, मग फिल्मसिटी. मी कोर्स केला तेव्हा माझ्या बेसमधल्या चुका त्यांनीच दाखवल्या. एकदा मी विचारलं, “काकू, तुम्हाला मेकअप इतका छान येतो, मग तुम्ही मेकअपच का नाही केला?”

काकू हसल्या. “कार्ड हेअरचं होतं ना गं! नायिकेचा आंबाडा घालायचा, गजरा माळायचा आणि बाजूला व्हायचं. कपाळावरची टिकली वाकडी दिसली तरी हात लावायचा नाही. ते दादांचं काम.”

मला तेव्हा ती थट्टा वाटली होती. थट्टा नव्हती, नियम होता!

मुंबईत सिने कॉस्च्युम मेकअप आर्टिस्ट अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशन ही संघटना 1955 पासून. सिनेमात काम करायचं तर तिचं कार्ड लागायचं. आणि तिच्या नियमावलीप्रमाणे मेकअपचं कार्ड पुरुषांना, हेअरड्रेसरचं कार्ड बायकांना. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याची अट. म्हणजे मेकअप करणारी बाई चांगली की वाईट, हा प्रश्न दारापर्यंत यायच्या आधीच दार बंद!

ते दार ठोठावलं चारू खुराणा यांनी. कॅलिफोर्नियातल्या सिनेमा मेकअप स्कूलमधून रीतसर शिकून आलेल्या. 2009 मध्ये त्यांनी सभासदत्वासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. कार्ड नसताना काम केलं म्हणून संघटनेने त्यांना 26,500 रुपयांचा दंडही लावला. विचार करा. शिक्षण आहे, काम आहे, काम देणारे आहेत. फक्त कार्ड नाही, आणि कार्ड मिळत नाही कारण तुम्ही बाई आहात.

प्रकरण 2013 मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं. पुरुषांनाही काम मिळायला हवं, हा संघटनेचा मुद्दा होता. 10 नोव्हेंबर 2014 ला निकाल लागला. न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांचं खंडपीठ. हे आपले कोकणातले लळित, पुढे 2022 मध्ये सरन्यायाधीश झाले. कोर्टाने ही दोन्ही कलमं रद्द केली. समानतेचा हक्क, हवा तो व्यवसाय करण्याचा हक्क, पोट भरण्याचा हक्क, या सगळ्यांना हा नियम छेद देतो असं सांगितलं. ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदलेल्या संघटनेला राज्यघटनेच्या विरुद्ध जाणारी नियमावली ठेवता येणार नाही, हेही बजावलं. आणि याचिका करणाऱ्यांना चार आठवड्यांत मेकअप आर्टिस्ट म्हणून सभासद करून घ्या, असा आदेश दिला.

1955 ते 2014. तब्बल 59 वर्षं! आपला पालघर जिल्हा त्याच वर्षी, 1 ऑगस्टला जन्माला आला. म्हणजे मुंबईच्या सिनेमात बाईला हक्काने मेकअप करता येणं हे आपल्या जिल्ह्यापेक्षाही तीन महिन्यांनी लहान आहे.

काकू तोवर रिटायर झाल्या होत्या. निकालाची बातमी त्यांनी पेपरात वाचली, कापून ठेवली. “उशीर केला,” एवढंच म्हणाल्या.

साडी नेसलेले दादा

यातला सगळ्यात मोठा विनोद माहितेय? आपल्या सिनेमाची पहिली नायिकाच पुरुष होती! दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ केला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना. मग अण्णा साळुंके उभे राहिले, जे त्याआधी हॉटेलात आचारी होते. 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये तर रामही तेच आणि सीताही तेच. रंगभूमीवर बालगंधर्वांची लुगडी आणि दागिने बघून घरंदाज बायका फॅशन करायच्या.

म्हणजे बाई पडद्यावर नको म्हणून पुरुषाला बाई बनवणारे हातही पुरुषाचे. मग बाई पडद्यावर आली, स्टार झाली, निर्माती झाली, दिग्दर्शक झाली. तिच्या गालाला पावडर लावणारा हात मात्र 2014 पर्यंत नियमाने पुरुषाचाच राहिला.

यात त्या पुरुष कलाकारांच्या कसबाला नावं ठेवायचा हेतू नाही हं. विक्रम गायकवाड यांना ‘बालगंधर्व’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सुबोध भावेच्या चेहऱ्यावर त्यांनी जी जादू केली तिच्यासाठी. 2025 मध्ये ते गेले तेव्हा आमच्या मेकअपवाल्या मुलींच्या ग्रुपवर दिवसभर त्यांच्याच कामाचे फोटो फिरत होते. प्रश्न कसबाचा नव्हताच कधी. प्रश्न दारावर कोण उभं आहे आणि तो काय बघून आत सोडतो, याचा होता.

म्हणून मावशींच्या ‘लायसन्स’वर माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. कशाला पाहिजे लायसन्स? लायसन्स म्हटलं की कुणीतरी दारावर बसणार. त्याला कुणाची तरी तोंडं आवडणार, कुणाची नाही. बरं आहे आपलं मोकळं मैदान!

पण मग मला माझी स्वतःची एक गोष्ट आठवली. जी मी सहसा कुणाला सांगत नाही.

काळा गॉगल

माझा पहिला सीझन. नालासोपाऱ्याला एका मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न. नवरी आणि तिची धाकटी बहीण, दोघींचा मेकअप माझ्याकडे. दोन तासांत दोघी उरकायच्या होत्या, कारण मुहूर्त सकाळचा. धाकटी मध्येच म्हणाली, “ताई, डोळ्याला कालपासून खाज येतेय.” मी म्हटलं, “जागरण झालं असेल.” तिचा मस्कारा लावला. मग तोच ब्रश त्याच ट्यूबमध्ये बुडवून नवरीला लावला.

लग्न दणक्यात झालं. फोटो झकास आले. सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना बोरिवलीच्या आसपास फोन आला. दोघींचे डोळे लाल, सुजलेले, चिकटलेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, “काजळ-मस्कारा कुणाचा वापरलात?”

नवरी दोन दिवसांनी महाबळेश्वरला गेली. तिच्या हनिमूनच्या एकूण एक फोटोत तिने काळा गॉगल लावलाय. लोकांना वाटतं, काय स्टाइल आहे! मला माहितेय त्या गॉगलच्या मागे काय आहे ते. मी पैसे परत केले, घरी जाऊन माफी मागितली. तिची आई एवढंच म्हणाली, “तुला शिकवलं नव्हतं का गं?”

नव्हतं. खरंच नव्हतं. मी ज्या क्लासला गेले होते त्याची फी माझ्या तेव्हाच्या तीन पगारांएवढी. कॉन्टूरिंग शिकवलं, स्मोकी आइज शिकवले, नाक सरळ कसं दाखवायचं ते शिकवलं, स्वतःचे फोटो कसे काढायचे तेही शिकवलं. स्वच्छतेवर एक अर्ध्या तासाचं लेक्चर, शेवटच्या दिवशी, सर्टिफिकेट वाटपाच्या आधी. त्यातही सगळ्यांचं लक्ष ग्रुप फोटोसाठी कुठली साडी नेसायची याकडे. मी त्या मुलींना दोष देत नाही, त्यात मीही होते.

पण हेही खरं, की ‘शिकवलं नाही’ हे माझ्यासाठी उत्तर होतं. त्या नवरीसाठी नव्हतं. तिने माझं काम बघून, फोटो बघून मला बोलावलं होतं. फोटोत फाउंडेशन दिसतं, ब्रश धुतलेला दिसत नाही.

600 तास म्हणजे किती वीकएंड?

मग मावशींच्या गावी काय करतात? कॅलिफोर्नियात चेहऱ्याच्या सौंदर्यसेवा द्यायच्या तर एस्थेटिशियनचं लायसन्स लागतं आणि त्यासाठी 600 तासांचं प्रशिक्षण. त्यात जंतुनाशकं, त्वचेचे आजार, कुठल्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं, हे सगळं येतं. मग परीक्षा. आणि लायसन्स समोर लावायचं, म्हणजे गिऱ्हाईक वाचू शकेल.

ऐकायला मस्त वाटतं. आता हिशेब करू. माझ्यासारखी नोकरी करणारी मुलगी शनिवारी तीन तास आणि रविवारी तीन तास काढू शकते. आठवड्याला सहा. 600 भागिले सहा म्हणजे 100 वीकएंड. जवळजवळ दोन वर्षं! त्यात एक मेगाब्लॉक, एक जुलैचा पाऊस आणि दोन घरची लग्नं धरलीत तर पुरती दोन. आणि फी वेगळी.

मी कसंबसं जमवेनही. पण नालासोपाऱ्यात एका खोलीत पडदा लावून पार्लर चालवणारी ताई? विरारला सकाळी डबे देऊन दुपारी मेंदी आणि मेकअप करणारी वहिनी? तिच्या पोराची शाळेची फी त्या मेकअपमधून जाते. उद्या नियम आला की 600 तासांशिवाय ब्रश उचलायचा नाही, तर ती काम थांबवणार नाही. ती लपून काम करेल. आणि लपून केलेल्या कामात स्वच्छता कोण तपासणार?

हा प्रश्न अमेरिकेतही पडलाय. फ्लोरिडाने 2020 मध्ये कायदा बदलून नुसता मेकअप करणाऱ्यांना लायसन्सच्या अटीतून मोकळं केलं. एकाच देशात एका टोकाला 600 तास, दुसऱ्या टोकाला शून्य. म्हणजे ‘तिकडे सगळं पर्फेक्ट’ असंही काही नाही.

मी यावर खूप विचार केला. विरार फास्टमध्ये उभ्याने दुसरं करण्यासारखं असतं तरी काय? आणि मला वाटतं, आपण एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. 1955 चं ते कार्ड माणूस कोण आहे हे बघायचं. बाई की बाप्या, इथला की बाहेरचा. मावशींच्या पार्लरमधला कागद निदान मूळ हेतूने तरी माणसाला काय येतं हे बघतो. पहिल्या प्रकारचा परवाना धंदा आतल्यांसाठी राखतो. दुसऱ्या प्रकारचा त्या खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या मुलीसाठी असतो. पहिला गेला, फार चांगलं झालं. दुसरा मात्र आपल्याकडे कधी आलाच नाही.

मला स्वतःला विचाराल तर 600 तास नकोत. पण दोन दिवसांचं, परवडणाऱ्या फीचं, मराठीतलं, फक्त स्वच्छता आणि त्वचेचं प्रशिक्षण असावं आणि त्याची साधी परीक्षा असावी. वडापाववाल्याला नोंदणी लागते कारण त्याचा माल आपल्या पोटात जातो. आमचा डोळ्यात जातो. एवढं तरी कुणी विचारायला हवं. कॉन्टूरिंग चुकलं तर फोटो बिघडतो, बाकीचं चुकलं तर डोळा बिघडतो.

चष्म्याआडून तपासणी

आता परत भुईगावला येऊ. ‘नसतं?’ म्हणून मावशी गप्प झाल्या होत्या, आठवतंय ना?

मी नवरीचा चेहरा पुसायला घेतला. गॉगलवाल्या लग्नानंतर मी स्वतःला काही सवयी लावून घेतल्यात. हात धुतले. स्पॅच्युला स्पिरिटने पुसला, फाउंडेशन ट्यूबमधून थेट चेहऱ्यावर न घेता स्टीलच्या पॅलेटवर काढलं. मस्काऱ्याला वापरून फेकायच्या कांड्या. एकीची एक, दुसरीची दुसरी. नवरीच्या कानामागची टेस्ट दहा दिवस आधीच करून झाली होती.

मावशी खुर्ची ओढून शेजारी बसल्या. एक शब्द नाही. मग हळूच माझ्या डब्या उचलून एकेकीचं लेबल वाचायला लागल्या. ही ठीक. ही ठीक. ही... एका लिपस्टिकवर त्या थांबल्या. गडद मरून, ब्रायडलमध्ये हमखास चालणारी. होलसेलमध्ये स्वस्तात मिळाली होती, शेड इतकी सुंदर की मी मागेपुढे बघितलं नव्हतं.

“यावर तारीख नाही,” मावशी म्हणाल्या. “बॅच नंबर नाही. बनवणाऱ्याचा पत्ताही नाही.”

मी बघितलं. खरंच नव्हतं. अंधेरीत बसून दिवसाला शंभर लोकांच्या सह्या जुळवणारी मी, आणि माझ्या स्वतःच्या पेटीत बिनकागदाची लिपस्टिक!

काय बोलणार? ती उचलली आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकली. नवरी किंचाळली, “अगं, मला तोच कलर हवा होता!” मग दोन चांगल्या लिपस्टिक मिसळून तसाच कलर करून दिला. पंधरा मिनिटं जास्त गेली. बँडवाले उठून वाजवायला लागले होते.

साडेसातला नवरी पांढऱ्या गाऊनमध्ये अंगणात उतरली. तिची आई रडली, मग नवरी रडली, आणि मस्कारा जागचा हलला नाही. त्या एका गोष्टीचं श्रेय मी घेते.

मी सामान आवरत होते तेव्हा मावशी आल्या. चष्मा काढून खुर्चीत बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “आता माझाही कर. हलकाच कर हं, वयाला शोभेल असा.”

मी नवीन कांडी काढली.

त्यानंतरच्या रविवारी मी माझ्या पेटीतली प्रत्येक डबी उलटी करून वाचली. एकूण सात फेकल्या. जीव जळला, पण फेकल्या. आणि पेटीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवला, माझ्या हस्ताक्षरात, दहा ओळींचा. मी काय करते आणि काय करत नाही. लायसन्स नव्हे ते, त्यावर कुणाचा शिक्का नाही. पण पेटी उघडली की समोर दिसतो. हवं तर वाचा, हवं तर विचारा.

काकूंना तो कागद दाखवला. त्यांनी वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि म्हणाल्या, “आमच्या वेळी असं काही विचारायचे नाहीत. फक्त कार्ड बघायचे.”

मावशी परत गेल्या. गेल्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला. धाकट्या भाचीचं पुढच्या नाताळनंतर ठरलंय, तारीख राखून ठेव. आणि खाली एक ओळ. ‘येताना लेबलं बघून आण!’

चौकट
मेकअप बुक करताय? मग हे विचाराच!

• ट्रायलच्या दिवशी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला टेस्ट करून घ्या. लग्नाच्या सकाळी नको, निदान आठवडाभर आधी.

• मस्काऱ्याच्या कांड्या वापरून फेकण्याच्या आहेत का? नसतील तर स्वतःचा मस्कारा घेऊन जा. लाजायचं काय त्यात?

• काजळ-पेन्सिल तुमच्यासमोर शार्प केली जाते का, लिपस्टिक थेट कांडीने लावतात की पॅलेटवर काढून, हे बघा.

• डबी उलटी करून वाचा. बॅच नंबर, वापरण्याची शेवटची तारीख, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक.

• डोळे आलेत, ओठावर फोड आलाय, चेहऱ्यावर पुरळ आहे? आर्टिस्टला आधी सांगा. ती ‘आज डोळ्यांना हात लावणार नाही’ म्हणाली तर रागावू नका. ती चांगली आर्टिस्ट आहे!

• भिंतीवरचं सर्टिफिकेट जरूर बघा, पण एक प्रश्नही विचारा. “ताई, ब्रश कशाने धुता?” उत्तर पटकन आलं तर निश्चिंत होऊन डोळे मिटा.